पहिलं उड्डाण

"विमान कंपनी काढतेयस, तर वैमानिकांच्या घरी अधूनमधून चहाला जात जा," असं निवृत्त कॅप्टन पारसनीसांनी बजावलं होतं. "काका, मी विमानं चालवणार आहे, भिशी नाही," म्हणत मृणालने ते हसण्यावारी नेलं.

आज धुळ्याहून तिचं पहिलं विमान सुटणार होतं. मंडपात पालकमंत्री येऊन बसले होते. वैमानिक तडवी कडक इस्त्रीच्या गणवेशात विमानापाशी उभा होता, पण रिकाम्या हातांनी या पायावरून त्या पायावर हलकेच झुलत होता. तान्ह्या लेकीला रात्ररात्र खांद्यावर घेणाऱ्या मृणालने ते झुलणं लांबूनच ओळखलं.

"घरी बाळ आलंय का रे?"

"गेल्याच आठवड्यात, मॅडम. रडतं फार. पण मी ठीक आहे." बोलतानाही तो झुलतच होता.

त्याच्याऐवजी पाठवायला दुसरा वैमानिक नव्हता. तिने भागीदार चोरडियांना सांगितलं, "आज विमान उडणार नाही."

"मंत्र्यांसमोर तोंडघशी पाडताय मला? मी कंपनीतून बाहेर पडेन."

"पडा."

सनई थांबवून तिने माइक हातात घेतला. "विमान आज सुटणार नाही. कारण विचाराल, तर मालकिणीची मर्जी."

मंडपात कुजबुज उठली, चोरडिया तरातरा निघून गेले. ती तशीच ताठ उभी राहिली. तिकडे तडवी ऑफिसातल्या बाकावर केव्हाच घोरायला लागला होता.

तुमच्या घरातून आत्ता कुणी गाडीची किल्ली उचलून निघालं असेल, तर त्याला दाराशी जरा थांबवा आणि त्याचे डोळे एकदा नीट बघा.