उन्हात रुसणारी

हँडलचा विसावा झटका दिला तरी मोटर ढिम्म हलली नाही. दत्ताजींनी बाहीनं कपाळ पुसलं आणि एकविसावा दिला.

"अरे, जरा दम खा," मागच्या बैठकीवरून माई म्हणाल्या. "एरवी इथं दोन-दोन घटका बसून असतोस म्हणे. आजच कसली रे घाई?"

"आज तुम्ही बरोबर आहात, माई. तुम्हाला उन्हात कसं ठेवू?"

माई म्हणजे तात्यासाहेबांच्या आई. मोटर तात्यासाहेबांची, मुंबईच्या कुणा पारशानं वापरून वापरून विकलेली. दत्ताजी तिचे ड्रायव्हर. देवासहून पीपलरावां गावाला जाताना मोटरीला या विहिरीवर पाणी पाजावं लागे, आणि एकदा थांबली की तापलेली मोटर पुन्हा सुरू व्हायची नाही. ती निवेपर्यंत दत्ताजी अडकून पडत. घरी परतायला दिवेलागण होई.

निदान ते तसं सांगत.

माईंच्या शेजारी अंग चोरून बसलेल्या भवानीबाई म्हणजे दत्ताजींची बायको. त्यांना ते पटत नव्हतं. सकाळी एका झटक्यात हसणारी ही पितळी दिव्यांच्या डोळ्यांची बया दुपारी नेमकी याच विहिरीपाशी कशी रुसते? नवऱ्याची बंडी धुवायला घेतली की आधी त्या ती हुंगून बघत. पेट्रोलच्या वासाखाली आणखी कसला वास लपलाय का, ते शोधत. पहाटे जात्यावर बसल्या की ओवी आपसूक ओठांवर येई:

सवत माझी बाई, पितळी डोळ्यांची
उन्हात रुसायाची, विहिरीशी बसायाची

शेजारणी हसत. मोटरीचा कसला गं हेवा करतेस, म्हणत. भवानीबाईंना हेवा मोटरीचा नव्हताच. विहिरीचा होता. म्हणून तर माई लेकाकडे पीपलरावांला निघाल्या तेव्हा त्यांची सोबतीण होऊन त्या हट्टानं आल्या होत्या.

दत्ताजी आज इथं थांबतही नव्हते. मोटरीतलं पाणी खदखदायला लागलं, तेव्हा नाइलाजानं थांबले. तेव्हापासून भवानीबाईंचे डोळे विहिरीवर होते. काठावर एक कडुनिंब. त्याच्या सावलीत एक साळुंकी. लांब, काळ्या शेतांच्या टोकाला, दोन-चार छपरं. ना बांगडीचा आवाज, ना पैंजणाचा.

त्या खाली उतरल्या. "मी काही धरू का?"

दत्ताजींनी एक प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला. "पदराची सावली धर. ठिणगी पडते का बघ."

हँडल फिरलं.

"पडली. निळी."

"ठिणगी आहे, टाकी भरलेली आहे. मग हिला हवंय तरी काय?" त्यांनी प्लग परत बसवला. पेट्रोलच्या तांब्याच्या नळीला हात लावला आणि चटका बसून झटकन मागं घेतला. ते बोटं फुंकू लागले. त्या बोटांवरचे जुन्या चटक्यांचे डाग भवानीबाईंना आज पहिल्यांदा दिसले. हा माणूस खरंच इथं उन्हात भाजत होता, आणि आपण त्याच्या बंड्या हुंगत बसलो.

दत्ताजींनी नळीचा जोड जरा सैल केला. पेट्रोल यायचं सोडून नुसतं फस् फस् झालं.

"उकळतंय ते," भवानीबाई म्हणाल्या.

"पेट्रोल कुठं उकळतं, वेडे!"

"चुलीला खेटून ठेवल्यावर काय करील बिचारं? नळी बघा की, कशी इंजिनाला चिकटून गेलीय. चालताना वारा लागतो म्हणून भागतं. थांबली की उकळी."

दत्ताजींनी जोड आवळला. भवानीबाईंनी शिदोरीचं, बाग गावच्या छाप्याचं फडकं सोडलं, विहिरीच्या गार पाण्यात भिजवलं आणि तान्ह्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं नळीभोवती गुंडाळलं. वाफ उठली. पुन्हा भिजवलं. पुन्हा गुंडाळलं. तिसऱ्या खेपेला वाफ आली नाही.

दत्ताजींनी हँडल अर्धंच फिरवलं. मोटर खोकली, थरथरली आणि चालू झाली.

"अगं बाई!" माईंनी टाळी वाजवली. "भवानी, आता रोज एक ओलं फडकं देत जा याच्याबरोबर. दिवेलागणीची कटकटच मिटली!"

भवानीबाई हसल्या. कितीतरी महिन्यांनी अशा हसल्या. छातीवरचं जातं कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं त्यांना झालं.

"बसा, बसा लवकर," दत्ताजी म्हणाले. ते काही हसले नव्हते.

भवानीबाई माईंशेजारी चढून बसतात तोच शेतातून कुणीतरी धावत आलं. घाघऱ्यातली एक बाई, भवानीबाईंच्याच वयाची. हातात झाकलेली थाळी. धापा टाकत ती मोटरीपुढं उभी राहिली. झाकणाखालून गरम रोट्यांचा वास येत होता.

"आज इत्ती जल्दी?" ती म्हणाली, आणि मग तिला बैठकीवरच्या बायका दिसल्या.

"कुणासाठी गं आणलंस हे?" माईंनी कौतुकानं विचारलं.

"इनके वास्ते, मांजी."

"इनके म्हणजे कुणाच्या? नाव सांग की."

दत्ताजी हँडलकडे बघत होते. त्या बाईनं पदर कपाळावर ओढला. खाली बघत ती लाजून हसली.

"नाम कैसे लूं, मांजी?"

ते नाव भवानीबाईंनीही उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं.