चौथं चाक

बाबांनी गोणपाट अंथरलं आणि निलमला म्हटलं, “निवड.”

बुधवारी वापीचा भंगारवाला गॅस कटर घेऊन येणार होता. त्याआधी जुन्या जीपचे कामाचे भाग हाताने सोडवून घ्यायचे होते. डायनॅमो, रेडिएटर, गिअरबॉक्स, आणि ते एक चाक. बाबांचा नियम असा, की गाडीला हात लावण्याआधी लागतील तेवढी हत्यारं गोणपाटावर मांडायची. मधेच उठून दुसरा पाना आणायला लागला, तर गाडी नीट बघितलीच नाही असं समजायचं.

निलमने पिशवीतलं पुस्तक बाजूला ठेवलं. ती शिकवायची त्या तलासरीच्या शाळेला मेची सुट्टी होती, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने ती रविवारी मसोलीला गॅरेजवर आली होती. चौदा आणि सतराचे रिंग पाने तिने मांडले. पेचकस, पक्कड, लहान हातोडा मांडला. गंजासाठी डिझेलची बाटली.

“मास्तरीणबाई, इथे खडू नाय लागत,” सुक्याकाका म्हणाले. उधव्याहून बाबांकडे कामाला आले, तेव्हा त्यांना मिशीही फुटली नव्हती. आता केस पांढरे झाले होते.

“गप रे. बरोबर मांडतेय,” बाबा म्हणाले. मग त्यांनी गोणपाटाचा एक कोपरा तळहाताने झटकला आणि ती जागा मोकळी ठेवली. “आणि डाव्या चाकाला काय घेशील?”

निलमने जीपकडे पाहिलं. तीन बाजूंना विटांचे थर, आणि पुढच्या डाव्या बाजूला एकच चाक. सतरा वर्षं ती तशीच उभी होती. त्या चाकाच्या पाच नटांपैकी एकाचे कोपरे झिजून गोल झाले होते. त्याला कुठलाच पाना धरत नव्हता.

“ते सुक्याकाका बघतील,” ती म्हणाली. “त्यांनीच बिघडवलंय.”

सुक्याकाका चहाचे ग्लास विसळत होते. ते विसळतच राहिले. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ.

“बरं,” ते म्हणाले. “मग राहू दे बुधवारपर्यंत.”

सोमवारी सकाळी गॅरेज उघडून ते खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

दिवसकार्य आटोपलं. भंगारवाल्याने पंधरा दिवस थांबायचं कबूल केलं होतं, ते संपत आले. निलम गॅरेजवर आली तेव्हा गोणपाट तसंच होतं. हत्यारांवर धूळ बसली होती. कोपरा मोकळा होता.

डायनॅमो आणि रेडिएटर दुपारपर्यंत निघाले. गिअरबॉक्सला सुक्याकाकांनी हात दिला. एकदाही उठून दुसरं हत्यार आणावं लागलं नाही. मग तिने चाकाचा पाना, लोखंडी नळी आणि छिन्नी त्या कोपऱ्यात मांडली.

“ते मी काढतो, बाय,” सुक्याकाका म्हणाले.

“नको.”

बारा वर्षांची असताना तिने हेच चाक काढायला घेतलं होतं. बाबा बाजारात गेले होते. जीप आता चालायची नाही, चाकं दुसऱ्या गाडीला घालू, असं त्यांनी सकाळी म्हटलं होतं. ते परत यायच्या आत चाक काढून दाखवायचं होतं. एक नंबर मोठा पाना, त्यावर नळी, आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर. पाना सटकला आणि नट गोल झाला. बाबा आले. “कोणी केलं?” असं त्यांनी विचारलं तेव्हा तिने काळे हात फ्रॉकमागे लपवले. सुक्याकाका म्हणाले, “मी, दादा. हात घसरला.” बाबा नटाकडे वाकून बघत राहिले, मग म्हणाले, “बरं.” पुढच्या आठवड्यात तीन चाकं निघाली. चौथं कुणी मागितलं, की बाबा म्हणायचे, “ज्याने अडकवलं तो काढेल.” हा टोमणा सुक्याकाकांना आहे, असं ती सतरा वर्षं समजत आली होती.

तिने आधी कोपरे शाबूत असलेल्या एका नटाला पाना लावला. नळी चढवली, डावीकडे जोर केला. नट ढिम्म. नळीवर पाय देऊन उभी राहिली, तरी ढिम्म.

“उलटं फिरव,” सुक्याकाका मागून म्हणाले. “या जुन्या जीपला डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. उजवीकडे फिरवलं की सुटतं. तू फिरवतेस तसं आणखी आवळतं.”

तिने उजवीकडे जोर केला. नट करकरला आणि सुटला.

“हे तुम्हाला कधीपासून माहीत?”

“हे? दादाने पहिल्या दिवशीच शिकवलं. पाना धरायच्या आधी.”

ती गोल झालेल्या नटाशी वाकली. सतरा वर्षांच्या गंजाखालीही दिसत होतं. कोपरे एकाच बाजूने झिजले होते, डावीकडे फिरवताना झिजतात तसे. ज्याला उलट्या आट्यांचं ठाऊक नाही, त्याचाच हात तसा फिरतो. गॅरेजमध्ये तेव्हा असं एकच माणूस होतं. बाबाही इथेच, असेच वाकले होते.

सुक्याकाकांनी तोंड फिरवलं आणि पक्कड पुसायला घेतली.

निलमने छिन्नी नटावर ठेवली. हातोडा उचलला, आणि खाली ठेवला.

“बाबा, हा मी बिघडवला,” ती मोठ्याने म्हणाली. “काकांनी नाही.”