मल्लिकेचा हौद

कमळाकरने बुटाचा पाय उचलला आणि हौदाचं पाणी बाहेर सोडायच्या व्हॉल्व्हचं चाक धरलेल्या गोजराच्या हातावर दाबला.

"हात काढ."

"नाय काढनार." गोजराने दात आवळले. "सकाळी तुमी तो पू वाहनारा घोडा पान्यात घातलाव, मना न इचारता. हौद रिकामा झाल्याबिगर दुसरं जनावर आत जानार नाय. बाय सांगून गेल्यात."

बाय म्हणजे डॉक्टर सुनीती. बेलापूरच्या डोंगराखाली शर्यतीच्या जायबंदी घोड्यांसाठी त्यांनी हा गोल हौद बांधून घेतला होता. दुखऱ्या पायावर भार न देता घोडा त्यात पोहायचा आणि पाय हळूहळू बळ धरायचा. पाण्याचं सगळं जवळच्या सारसोळे गावातल्या गोजराकडे. लीद जाळीने काढायची, ब्लीचिंग पावडर मापाने बादलीत कालवून संध्याकाळी सोडायची आणि सकाळी तिने हो म्हटलं तरच घोडा उतरवायचा. आज बाई मुंबईला गेल्या होत्या आणि तबेल्याचा सुपरवायझर कमळाकर घाईत होता. चार वाजता मालक येणार होते. मल्लिका घोडी ठेवायची की विकायची, ते तिला पोहताना बघून ठरवणार होते.

बूट आणखी दाबला गेला. करंगळी मोडली तेव्हा गोजराचा हात आपोआप सुटला. कमळाकरने चाक फिरवून व्हॉल्व्ह बंद केला. पाणी जेमतेम वीतभर उतरलं होतं.

"पाणी साफ पाहिजे ना तुला? हे घे." त्याने कोपऱ्यातली पावडरची गोणी ओढत आणली, चाकूने फाडली आणि अख्खी हौदात उलटी केली.

पांढरा धुरळा उठला. गोजराला खोकल्याची उबळ आली.

"साहेब, ही पावडर रातभर मुरावी लागते. घोडीच्या पायाला जखम हाय. आंधली व्हईल ती!"

"ए, टेन्शन नको देऊस. पाच मिनिटांचं काम आहे. सिताराम, आण तिला."

घोड्यांची निगा राखणारा म्हातारा सईस सिताराम मल्लिकेला घेऊन आला. त्याने गोजराच्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घातली. गोजरा हौदात जाणाऱ्या उताराच्या तोंडाशी जाऊन आडवी उभी राहिली.

कमळाकरचा पहिला चाबूक तिच्या गालावर बसला. दुसरा मानेवर. तिसऱ्याला ती गुडघ्यांवर आली. चौथा घोडीच्या पुठ्ठ्यावर पडला आणि मल्लिका गोजराला घासून उतारावरून खाली गेली.

अर्धा फेरा ती निमूट पोहली. समोरासमोरच्या काठांवरून कमळाकर आणि सितारामने तिचे दोर धरले होते. मग तिने तोंड पाण्यात बुडवलं आणि वर काढून किंकाळी फोडली. घोडा असा ओरडतो हे गोजराने कधी ऐकलं नव्हतं. मल्लिका उलटी वळली, पुढचे पाय काठावर आपटू लागली. दोराने सितारामच्या तळहातांची सालटी निघाली आणि दोर सुटला. कमळाकरनेही आपला दोर टाकून दिला. घोडीचं कपाळ सिमेंटवर आदळलं. पांढुरक्या पाण्यात लाल रेघ पसरत गेली.

गोजराने उडी टाकली. डोळ्यांत निखारे भरल्यासारखं झालं. तिने ते मिटूनच घेतले आणि किंकाळीच्या रोखाने पोहत जाऊन घोडीच्या तोंडाचा पट्टा पकडला. एक लाथ तिच्या बरगडीत बसली. श्वास गेला, पण पट्टा सुटला नाही. भिंत चाचपत, घोडीला ओढत ती उतारापर्यंत आली. मल्लिका धडपडत वर चढली आणि चारी पायांनी थरथरत उभी राहिली. तिच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या.

"मालक पोचतील आता," कमळाकर चाबूक उगारून उतारावर धावत आला. "तिला परत आत घाल! दोन फेरे तरी..."

गोजराने उगारलेला चाबूक हवेतच पकडला आणि हिसडा दिला. कमळाकर उतारावर घसरला, तसे तिने त्याचे केस धरले आणि त्याचं डोकं पाण्यात दाबलं.

वर काढलं. "डोलं उघड."

"सोड, ए... सोड मला..."

पुन्हा दाबलं. वर काढलं. "उघड!"

तिसऱ्या खेपेला पाण्याखाली त्याने डोळे उघडले असावेत. त्याचं सगळं अंग ताठलं, हातपाय सिमेंटवर फडफडले. गोजराची मूठ काही सैल होईना. पाण्यावर बुडबुडे आले, कमी झाले. आपल्याला हात काढायचाच नाहीये, हे तिला कळलं आणि ती स्वतःलाच घाबरली.

"गोजरे, मरेल तो!" सिताराम ओरडला.

तिने हात काढला.

कमळाकर ओकत, रांगत वर आला. दोन्ही हातांनी डोळे चोळत होता. "पाणी... सिताराम, चांगलं पाणी दे, डोळे गेले माझे!"

चांगल्या पाण्याचा टँकर उद्या येणार होता. शेडमधल्या पिंपाच्या तळाशी होतं तेवढं सितारामने कळशीत काढून आणलं. गोजराने ती त्याच्या हातातून घेतली आणि मल्लिकेकडे गेली. घोडीचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून तिने बारीक धार सोडली. आधी एक डोळा, मग दुसरा. तिचे स्वतःचे डोळे गळत होते, पण तिने पाण्याचा एक थेंबही स्वतःला लावला नाही. मागे कमळाकर हाका मारत होता. कितीतरी वेळाने घोडीची एक पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

फाटकाबाहेर मालकांच्या कॉन्टेसा गाडीचा हॉर्न वाजला. कोणी दार उघडायला गेलं नाही.

गोजराने कळशी हलवून पाहिली. तळाला दोन ओंजळी पाणी होतं. ती कमळाकरजवळ बसली. तिची चाहूल लागताच त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिने ते हात बाजूला केले, मोडक्या करंगळीच्या हाताने त्याची हनुवटी वर उचलली.

"हालू नको," ती म्हणाली. "एवढंच चांगलं पानी हाय."