चौकट

सरांनी तीस वर्षं कॉलेजात विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवलं. एखादी गोष्ट जुन्या विचारचौकटीत बसेनाशी झाली, की माणसं आधी ती ठोकून-ठाकून तिच्यातच बसवू पाहतात आणि चौकट अगदी शेवटी बदलतात, असं ते दरवर्षी सांगत. एकदा बदलली, की मात्र जुन्या चौकटीत कोणी परत जात नाही, हेही.

बायकोला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून तिची चाकाची खुर्ची बाथरूमच्या दारातून जाईना. सरांनी सुताराला बोलावून आधी कडी काढवली, मग दार तासून घेतलं, मग दारच काढून पडदा लावला. तरी दोन बोटं कमी पडत. उंबऱ्यापासून पुढे सर तिला उचलून नेत.

चौथ्या खेपेला सुतार टेप गुंडाळत म्हणाला, "सर, आता चौकटच बदलावी लागेल."

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे," सर म्हणाले.

"मागच्या वर्षीही दोनच होते," बायको खुर्चीतून म्हणाली. "दादा, तुम्ही करा सुरू. यांच्या वर्गात असतात तर पहिले आला असतात."

चार दिवसांनी नवी, रुंद चौकट बसली. खुर्ची कुठेही न घासता आत गेली आणि बाहेर आली. सुतार जुन्या चौकटीची लाकडं खांद्यावर टाकून निघाला, तेव्हा सर जिन्यापर्यंत त्याच्या मागे गेले.

"ती इथंच राहू द्या. ही चालायला लागली, की परत बसवू."