दोराचे पदर

शुक्रवारी, आखातातल्या सुट्टीच्या दिवशी, अबू हमूरच्या चर्चहून आल्या आल्या मार्विन लॅपटॉप उघडून बसला. मायक्रोस्कोपने टिपलेला प्रथिनाचा धागा दोरासारखा पिळलेला होता. पण पीळ दोन पदरी की तीन पदरी, हे दोन महिने झाले तरी सॉफ्टवेअरला ठरवता येईना. रविवारी साहेबांना उत्तर द्यायचं होतं.

वसईहून आलेले, उभा जन्म मासेमारीत गेलेले पप्पा मागून डोकावले. "तुटलेलं टोक बघ की. तिथे पदर सुटलेले असतात."

"पप्पा, हा काय तुमच्या बोटीचा दोर आहे?"

पप्पा गॅलरीत गेले.

मार्विनचा हात मात्र माउसवरच थांबला. तुटक्या टोकांची सगळी चित्रं त्याने पहिल्याच दिवशी कचरा म्हणून बाजूला काढली होती.

"पप्पा," त्याने हाक मारली, "चष्मा घेऊन या जरा."