खिडकीतला कप

पार्सिपनीजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या एका वकिलाच्या घराचं म्युझियम केलंय. मीनाक्षीची अनिका तिथली गाइड. आज तिने आईलाच टूर दिली. विधिमंडळात गुलामगिरीविरुद्ध भाषणं गाजवणाऱ्या माणसाची खुर्ची, त्याचे बारा निळे कप. मीनाक्षीला तो जरा जास्तच सज्जन वाटला. शेवटी अनिकाने तेरावा दाखवला, पांढरा, टवका उडालेला. “हा त्यांच्या ब्लॅक कुकचा. शी वॉज लाइक फॅमिली, आई. तिला स्वतःचा स्पेशल कप होता.” मीनाक्षीने डोळे बारीक केले. “सापडला कुठे?” “मागच्या दाराशी, खिडकीत. बाकीचे कपाटात.” “विसळायचं कोण?” “तीच. डायरीत आहे. व्हाय?” “लबाड होता तुझा वकील.” “तुला कसं कळलं?” “नागपूरला आमच्या कामवाल्या बाईंचा कपही खिडकीतच असायचा. त्याही घरच्यासारख्याच. चहा मी ओतायचे. वरून, भांडं कपाला लागू न देता.”