नाडकर्ण्यांच्या उंबऱ्यावरचा नारळ

"आजोबा, मोडी आहे. वेळ लागतो. मधे बोलू नका," सेजल म्हणाली. तिच्या मोबाईलवर जुन्या कागदाचा फोटो होता. मूळ कागद आजोबांच्या वकिलानं शुक्रवारीच पेडण्याच्या कोर्टात दिला होता, न वाचताच. शिक्का दिसला, तेवढं पुरलं.

"वाचायचंय काय त्यात?" यशवंत नाडकर्णी म्हणाले. "नाड म्हणजे गावांचा जुमला. त्याचं दप्तर लिहिणारा, हद्दी राखणारा, तो नाडकर्णी. सावंतवाडीकरांनी दिलेली पदवी. डोंगर आमचाच."

पदवी कसली, कारकुनी. पण तिच्यापुढे अख्खं पार्से गाव दोनशे वर्षं वाकलं. आता तो काजूचा डोंगर मोरजीच्या हॉटेलवाल्याला हवा होता, तोही रिकामा. वर धाकू परबाचं घर होतं; त्याचं नावही पूर्वजाचंच. सोमवारी तारीख होती.

दसरा होता, म्हणून धाकू आलाच. वाडवडील ठेवत तसा त्यानं उंबऱ्यावर नारळ ठेवला आणि नेहमीचं विचारलं, "दितास मां?" म्हणजे, देताय ना?

उत्तर ठरलेलं, "फुडल्या वर्सा." मग नारळ आत जायचा. काय द्यायचं, हे नाडकर्ण्यांच्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. लहानपणी यशवंत आणि धाकू आंब्याखाली हाच खेळ खेळायचे, आळीपाळीनं नाडकर्णी व्हायचे.

यशवंतांना ते आठवलं. म्हणूनच आवाज चढला.

"पुरे ही नाटकां, धाकू! सोमवारी कोर्टात भांडतलंस आणि आज नारळ? लाज नाय?" त्यांनी नारळ उचलून त्याच्या हातात कोंबला. "घे. परत हाडू नको."

धाकू नारळाकडे बघतच राहिला. "यशवंतबाब, सोताच्या हातान दिलात?"

"दिलंय. चल!"

धाकूनं नारळ कपाळाला लावला. डोळे भरले होते. "आज ह्यां बघूक बापूस व्हयो होतो," एवढंच म्हणाला आणि पाणंदीनं निघून गेला.

यशवंत दारात उभे होते.

"आजोबा, लागलं. वाचू?"

"मोठ्यानं वाच."

"'नाडकर्णी धाकू परब मयत, पुत्र लहान. सबब कारकुनी व डोंगर तुम्हांकडे राखणीस ठेविला. त्याचे वंशजाने दर दसऱ्यास उंबऱ्यावर नारळ ठेवून मागणी करावी. नारळ घरात घ्याल तर राखण वर्षभर चालेल. ज्या दिवशी नारळ स्वहस्ते परत कराल, त्या दिवशी सर्व ज्याचे त्यास पावले.'"